तोनोचे कप्पा, आणि पत्ता असलेली भुतं

पाऊलवाट | ४ जुलै, रात्री ९:२०

गेली सहा वर्षं मी नोकरीनिमित्त जपानच्या उत्तरेला, इवाते प्रांतातल्या किताकामीला राहतो. जपानी भुताखेतांवर मराठीत जे वाचायला मिळतं ते बहुतेक यादीसारखं असतं. हा पाण्यातला कप्पा, ही बर्फातली युकी-ओन्ना, हा डोंगरातला तेंगू, हा शिंगांचा राक्षस ओनी. एकेकाच्या वाट्याला दोन ओळी आणि एक चित्र. मीही तसल्याच याद्या वाचून इथे आलो होतो. मग तासाभराच्या अंतरावरच्या तोनोला जायला लागलो. आता जवळजवळ दर उन्हाळ्यात जातो. यादी करताना जे गळून पडतं तेच तिथल्या माणसांना सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: कुठे घडलं, आणि कुणाला दिसलं.

तोनोत जोकेन्जी नावाचं बौद्ध देऊळ आहे. त्याच्या मागून एक ओढा वाहतो. फार मोठा नाही, पण झाडी अशी दाट की भर दुपारी सांजावल्यासारखं वाटतं. हीच कप्पाबुची, कप्पांचा डोह. काठावर बांबूच्या गळाला दोरीनं काकडी बांधून ठेवलेली असते, कारण कप्पाला काकडी प्रिय. तिथलं पर्यटन मंडळ कप्पा पकडायचा वर्षभराचा परवाना देतं आणि त्यावर अटी छापलेल्या असतात. जिवंत पकडावा, इजा करू नये, डोक्यावरच्या ताटलीतलं पाणी सांडू नये, धातूची अवजारं वापरू नयेत. मुलं तो परवाना हातात धरून तासन्‌तास गळाशी बसतात.

मी मात्र तिथे थबकलो ते काठावरच्या छोट्या देव्हाऱ्यापाशी. आत लाल कापडाच्या, कापूस भरून शिवलेल्या गोल गोल जोड्या ठेवलेल्या होत्या. आधी कळेना. मग शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी सांगितलं, की हे स्तन आहेत. अंगावर दूध यावं म्हणून बाळंतिणी इथे नवस बोलतात. एकीची शिवण वाकडी होती, हातानं घातलेली, आणि दोरा वेगळ्याच रंगाचा. काकडीच्या गळापासून हे चार पावलांवर.

बाकी जपानात कप्पा हिरवा काढतात. तोनोचा कप्पा लाल तोंडाचा. जपानीत तान्ह्या बाळाला 'आकागो' म्हणतात, म्हणजे शब्दशः लाल मूल. हा डोंगराळ, थंड मुलूख. उन्हाळा पुरेसा तापला नाही की भात भरायचा नाही आणि मग दुष्काळ. १७५५ च्या दुष्काळात इथे इतकी माणसं गेली की पुढे एका भिक्षूनं त्यांच्यासाठी रानातल्या धोंड्यांवर पाचशे अर्हतांचे चेहरे कोरले. आज त्यांवर शेवाळ चढलंय, जवळ जाऊन हात फिरवला तरच नाकडोळे लागतात. गावाबाहेर देन्देरानो नावाचं माळरान आहे. साठी उलटलेल्या म्हाताऱ्यांना तिथे धाडून देत, आणि ते दिवसा खाली उतरून शेतात राबत, संध्याकाळी वर परतत, असं सांगतात. अशा मुलखात जी बाळं पोसता येणार नव्हती त्यांना नदीत सोडलं जाई आणि तीच पुढे लाल तोंडाचे कप्पा झाली, असं मानणारे आहेत. मलाही ते पटतं. ते लाल कापड पाहिल्यावर तर जास्तच.

हे सगळं आपल्यापर्यंत पोचलं ते एका पुस्तकामुळे. यानागिता कुनिओ हा तोक्योतला सरकारी अधिकारी. १९०८ साली त्याची तोनोकडच्या सासाकी किझेन या तरुणाशी गाठ पडली. सासाकीच्या बोलीत तिकडचा हेल जबरदस्त होता, पण गोष्टींचा साठा अफाट. यानागितानं त्या लिहून घेतल्या आणि १९१० मध्ये 'तोनो मोनोगातारी' छापलं. ३५० प्रती, ११९ छोटे छोटे मजकूर. 'एके काळी एका गावात' असं त्यात नाही. अमुक वाडीतल्या अमुक घराण्याचा तमुक, त्याची बायको, तो घाट, ती नदी. कप्पाचं पोर झालं म्हणून जन्मताच मारून पुरलेल्या बाळांचीही त्यात नोंद आहे, गावाच्या नावासकट.

त्यातला ९९ वा मजकूर वाचल्यावर मी त्या रात्री झोपलो नाही. १५ जून १८९६ ला तोनोच्या पूर्वेकडच्या किनाऱ्यावर त्सुनामी आली. सुमारे २२ हजार माणसं गेली. तानोहामा गावात फुकुजी नावाचा माणूस घरजावई म्हणून गेला होता. त्याची बायको आणि काही मुलं लाटेनं नेली. उरलेल्या दोन मुलांना घेऊन तो पडक्या घराच्या जागी खोपट बांधून राहिला. वर्षभरानं, उन्हाळ्याच्या सुरुवातीला, चांदण्या रात्री तो लघवीला उठला. संडास लांब, पुळणीच्या कडेनं जावं लागे. धुकं होतं. धुक्यातून दोघं चालत आली, एक पुरुष, एक बाई. बाई त्याचीच. तो मागोमाग गेला आणि त्यानं नावानं हाक मारली, तशी तिनं वळून पाहिलं आणि हसली. बरोबरचा पुरुष त्याच गावचा, तोही लाटेत गेलेला. लग्नाआधी त्या दोघांचं एकमेकांवर मन होतं असं फुकुजीच्या कानावर आलेलं. ती म्हणाली, आता मी यांच्याशी संसार करते. त्यानं विचारलं, मुलांची माया नाही का तुला? तिचा चेहरा किंचित उतरला आणि ती रडली. तो खाली मान घालून आपल्या पायांकडे बघत राहिला, तेवढ्यात ती दोघं डोंगराच्या वळणाआड गेली. तो थोडा धावला. मग त्याला आठवलं की ही मेलेली माणसं आहेत. पहाटेपर्यंत तो रस्त्यात उभा होता. नंतर बरेच दिवस आजारी पडला.

ही भुताची गोष्ट आहे. यात कुणी कुणाला घाबरवत नाही.

तुम्हाला माहीत असलेलं, जपानचं किंवा आपल्याकडचं, जरूर लिहा. एकच विनंती: जमेल तिथे जागा सांगा.

---

रानमेवा | ४ जुलै, रात्री १०:०५

देव्हाऱ्याचा परिच्छेद वाचून थांबले. माझी मुलगी चार महिन्यांची आहे, जास्त लिहवत नाही.

कप्पाची थोडी आणखी माहिती द्याल का? ताटलीतल्या पाण्याचं काय असतं?

---

पाऊलवाट | ४ जुलै, रात्री १०:४०

रानमेवा, तुम्हाला आणि बाळाला खूप शुभेच्छा.

कप्पाच्या टाळूवर खळगा असतो, ताटलीसारखा. त्यात पाणी असेतो त्याच्यात बैलाचं बळ. तो माणसांना आणि घोड्यांना पाण्यात ओढतो. पण तो रीतभात पाळणारा आहे. तुम्ही कमरेत वाकून नमस्कार केलात तर तोही वाकतो, पाणी सांडतं आणि त्याची शक्ती जाते. दिलेला शब्द मोडत नाही. पकडलेल्या कप्पाकडून पुन्हा असं करणार नाही म्हणून माफीचा कागद लिहून घेतल्याच्या आणि सुटकेच्या बदल्यात त्यानं हाड बसवायची विद्या शिकवल्याच्या गोष्टी जपानभर आहेत. सुशीच्या दुकानात काकडीच्या गुंडाळीला आजही 'कप्पामाकी'च म्हणतात.

तोनोतली गोष्ट अशी: नदीवर पाणी पाजायला नेलेल्या घोड्याला कप्पा ओढायला गेला, तर घोड्यानंच त्याला फरफटत तबेल्यापर्यंत आणलं. कप्पा पालथ्या गव्हाणीखाली लपला, पण हात बाहेर राहिला. गावकरी जमले. मारायचं की सोडायचं यावर बोलणं झालं आणि शेवटी शब्द घेऊन सोडून दिलं. हा घोड्यांचा मुलूख. जुनी घरं काटकोनात बांधलेली, एका बाजूला माणसं, दुसऱ्या बाजूला घोडे, छप्पर एकच.

---

तळकोकण | ४ जुलै, रात्री ११:३०

पाऊलवाट, जागेसकट सांगतो. कर्ली नदीची खाडी, कुडाळच्या खालच्या अंगाला. आमच्या आजीचं माहेर तिथलं. ती सांगायची, "तिनसांजेक थंय जाव नको, थंय गिरो बसलेलो आसता." गिरो म्हणजे गिऱ्हा. बुडून मेलेल्याचं भूत, पाण्यातच राहतं, मासे धरणाऱ्याला हाका मारून खोल पाण्यात नेतं. पण त्याच्या डोक्यावरचा केस कापून घेतलात तर तो तुमचा गडी होतो. सांगाल ते काम करतो, पेरणीपासून लाकूड फोडण्यापर्यंत. केस मात्र त्याच्या हाती लागता कामा नये. आजीच्या माहेरच्या शेजाऱ्यांनी तो केस मांडीत चीर देऊन आत ठेवला होता, असं ती शपथेवर सांगे.

तुमचा कप्पा वाचला आणि अंगावर काटा आला. दोघं पाण्यातले, दोघं ओढणारे, दोघांचं बळ डोक्यावर, आणि दोघं वठणीवर आले की माणसाच्या कामाला येतात. ही गोष्ट इकडून तिकडे गेली असं मी म्हणत नाही. नदीत पोरं बुडतात हे दोन्हीकडे खरं आहे, एवढंच.

---

सांजसावली | ५ जुलै, सकाळी ७:१५

+१. उन्हात पाऊस आला की आम्ही पोरं 'कोल्ह्याचं लगीन' म्हणून ओरडायचो. जपानीतही त्याला कोल्ह्याचं लग्नच म्हणतात असं ऐकलंय, खरं का?

---

पाऊलवाट | ५ जुलै, सकाळी ७:४०

अगदी खरं. 'कित्सुने नो योमेइरी', कोल्ह्याच्या नवरीची वरात. रात्री डोंगरावर दिव्यांची ओळ हलताना दिसली तरी तेच म्हणतात. रात्री नखं कापू नयेत हेही दोन्हीकडे आहे. इथे कारण सांगतात, की कापलीस तर आईबापांच्या शेवटच्या क्षणी तू जवळ नसशील. सहा वर्षं परदेशात काढलेल्या माणसाला हे कारण फार लागतं.

---

निळीशाई | ५ जुलै, दुपारी १:५०

मी तोक्योत, निशी-कसाईला राहते. धागा सुंदर आहे, पण एका जपानी समजुतीबद्दल मला चीड आहे आणि ती इथे मांडायलाच हवी, कारण ती यंदाचीच आहे.

आपल्या प्रभव-विभव अशा साठ संवत्सरांसारखं इथेही साठ वर्षांचं चक्र आहे. पाच तत्त्वं आणि बारा प्राणी यांच्या जोड्या. त्यातलं 'हिनोएउमा' म्हणजे अग्नी-घोड्याचं वर्ष. १९०६, १९६६ आणि आता २०२६. या वर्षी जन्मलेली मुलगी तापट निघते आणि नवऱ्याचं आयुष्य खाते, असा समज. मुळाशी एदोतल्या, म्हणजे जुन्या तोक्योतल्या, एका भाजीवाल्याची मुलगी, ओशिची. प्रियकराची पुन्हा भेट व्हावी म्हणून तिनं आग लावली आणि १६८३ मध्ये तिला जिवंत जाळण्याची शिक्षा झाली. ती १६६६ ची, म्हणजे अग्नी-घोड्याची, असं लोकांनी धरलं. एका पोरीच्या मागे लागलेली ही गोष्ट तीनशे वर्षं सगळ्या पोरींच्या मागे लागली.

आकडे बघा. १९६५ मध्ये जपानात १८ लाख २४ हजार मुलं जन्मली. १९६६ मध्ये १३ लाख ६१ हजार. १९६७ मध्ये पुन्हा १९ लाख ३६ हजार. एका वर्षात चौथा हिस्सा बाळं गायब. तेव्हा जपानात बुलेट ट्रेन धावत होती, ऑलिम्पिक होऊन दोन वर्षं झाली होती. १९०६ ला तर जन्मलेल्या मुलींची नोंद आधीच्या किंवा नंतरच्या वर्षात सरकवलेली दिसते, आणि त्या वर्षीच्या बायकांची लग्नं अडली.

माझ्या ऑफिसात १९६६ ची एक बाई आहे. यंदा तिला साठ झाली. इथे षष्ठ्यब्दीला 'कानरेकी' म्हणतात, लाल बिनबाह्यांचं जाकीट आणि लाल टोपी घालतात. आम्ही ते तिला घातलं, फोटो काढले. तिनं हळूच सांगितलं, की तिच्या आजीनं तिच्या आईला हे मूल ठेवू नकोस म्हणून हात जोडले होते. आई ऐकली नाही. "माझ्या शाळेत आमच्या इयत्तेला एक तुकडी कमी होती," म्हणाली. मी तिला माझी गोष्ट सांगितली. माझ्या पत्रिकेत मंगळ आहे. दोन स्थळांनी तेवढ्यावरून नकार दिला आणि तिसऱ्यांनी आधी कुंभविवाह करा म्हणून सांगितलं. कुंभविवाह म्हणजे काय हे तिला समजावून सांगताना, मडक्याशी लग्न हा शब्द जपानीत उच्चारताना, माझा आवाज गेला. तिनं माझा हात धरला. लाल जाकीट तसंच अंगावर.

---

आबा_सिन्नर | ५ जुलै, दुपारी ३:१०

निळीशाई ताई, तुमचं प्रत्येक अक्षर पटलं. मी चाळीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. मंगळाच्या भीतीनं घरी बसलेल्या माझ्या विद्यार्थिनी मला नावानिशी आठवतात.

पाऊलवाट, तुमचं लेखन उत्तम आहे, पण एक सांगतो. तळकोकण यांच्या आजीचा गिऱ्हा आणि ताईंचा मंगळ एकाच फळीवर ठेवू नका. गिऱ्ह्यानं फार तर पोर तिन्हीसांजेला खाडीवर जायचं थांबवलं. मंगळानं माणसाचा जन्म वाया घालवला. लोककथा म्हणून दोन्हीचं सारखंच कौतुक होऊ लागलं की माझ्यासारख्याला झोप येत नाही. जपानात याविरुद्ध कुणी उभं राहिलं नाही का?

---

निळीशाई | ५ जुलै, सायंकाळी ५:००

राहिलं ना, आबा. इनोउए एन्र्यो, १८५८ ते १९१९. बौद्ध मठात जन्मलेला तत्त्वज्ञ. त्यानं १८८७ मध्ये काढलेल्या शाळेचं पुढे तोयो विद्यापीठ झालं. लोक त्याला 'योकाई-पंडित' म्हणत. योकाई म्हणजे ही सगळी भुतंखेतं, चमत्कार. गावोगाव हिंडून, व्याख्यानं देऊन त्यानं एकेका भुताची उकल मांडली. आपल्याकडच्या प्लँचेटसारखं तिथे 'कोक्कुरी-सान' आहे, तीन बांबूंच्या तिवईवर भाताच्या भांड्याचं झाकण ठेवून त्यावर हात टेकायचे. तिवई आपोआप डोलते आणि उत्तरं देते. त्याचं वेड १८८० च्या दशकात जपानभर पसरलं होतं. एन्र्योनं शोध घेतला आणि दाखवलं, की शिमोदा बंदराला आलेल्या अमेरिकन खलाशांकडून हे आलं, आणि हलवणारे आपलेच नकळत ताणलेले स्नायू.

---

पाऊलवाट | ५ जुलै, सायंकाळी ६:३०

आबा, तुमचं म्हणणं मान्य. गिऱ्ह्याचा ठावठिकाणा असतो, ती खाडी टाळली की झालं. हिनोएउमाला ठावठिकाणा नाही. ती पंचांगातून येते आणि एका वर्षात जन्मलेल्या लाखो मुलींना लागते. मंगळाचंही तेच. जागेला चिकटलेल्या गोष्टी आणि माणसाच्या जन्माला चिकटवलेल्या गोष्टी, हा फरक मला तुम्ही आणि निळीशाई यांनी आज दाखवला. मूळ लेखात तो यायला हवा होता.

---

रेघोट्या | ५ जुलै, रात्री ८:४५

मी वास्तुविशारद आहे, क्योतोला शिकायला दीड वर्ष होते. दिशेबद्दल थोडं. ईशान्य आपल्याकडे देवाची दिशा, गिऱ्हाईक पहिलं सांगतं, देवघर ईशान्येला हवं. जपानात ईशान्य म्हणजे 'किमोन', ओनींचं दार. जुन्या दिशाचक्रात ती बैल आणि वाघ यांच्या मधली दिशा. म्हणून ओनीच्या डोक्यावर बैलाची शिंगं आणि कमरेला वाघाचं कातडं. क्योतोच्या ईशान्येला हिएइ डोंगरावर एन्र्याकुजी हा मोठा मठ शहराची राखण करतो. राजवाड्याच्या भिंतीचा ईशान्य कोपरा तर मुद्दाम आत घेतलेला आहे, कोपराच नाही तर ओनी शिरणार कुठून. त्या खाचेत वळचणीखाली लाकडी माकड कोरून बसवलंय आणि ते रात्री हिंडतं म्हणून त्याला जाळी लावलेली आहे. मी त्या जाळीखाली उभी राहून आमच्या सांगलीच्या घराचं देवघर आठवत होते.

---

हिरवळ७ | ५ जुलै, रात्री ९:१०

वाचतोय. फार छान धागा. बाकी, ओनींना हाकलायला फुटाणे मारतात तो सण कुठला?

---

रेघोट्या | ५ जुलै, रात्री ९:१८

सेत्सुबुन, बहुधा ३ फेब्रुवारीला. भाजलेले सोयाबीन फेकतात. "ओनी बाहेर, भाग्य आत." मग जितकं वय तितके दाणे खायचे.

---

लेणीवेडा | ५ जुलै, रात्री ११:५५

कोल्ह्याचा विषय निघालाच आहे तर एक धागा अजिंठ्याला आणून बांधतो.

तोक्योच्या उत्तरेला नासू इथे 'सेश्शोसेकी' आहे, जीव घेणारा दगड. गंधकाच्या झऱ्यांचा परिसर, जमिनीतून विषारी वायू येतात, किडेपाखरं मरून पडतात. कवी बाशो १६८९ मध्ये तिथे गेला होता आणि वाळूचा रंग दिसू नये इतक्या मधमाशा आणि फुलपाखरं मरून पडलेली त्यानं पाहिली. कथा अशी, की बाराव्या शतकात तोबा या निवृत्त सम्राटाच्या दरबारात तामामो-नो-माए नावाची रूपवती होती. सम्राट आजारी पडला, ज्योतिष्यानं ओळखलं की ही नऊ शेपट्यांची कोल्ही. ती नासूला पळाली, मारली गेली आणि दगड झाली. पुढे गेन्नो नावाच्या भिक्षूनं तो दगड फोडून तिला शांत केलं. जपानी सुतार आणि पाथरवट आजही एका जातीच्या हातोड्याला 'गेन्नो' म्हणतात. उरलेला दगड मार्च २०२२ मध्ये दुभंगलेला आढळला. भेगा आधीपासून होत्या, पाणी मुरून गोठलं असावं.

आता आपल्याशी नातं. ही कोल्ही जपानात येण्याआधी चीनमध्ये होती आणि त्याही आधी तेन्जिकूत, म्हणजे भारतात. तिथे ती हान्झोकू राजाची राणी होती आणि तिनं त्याला हजार राजांची मुंडकी कापायला भरीला घातलं. हान्झोकू लिहितात 'ठिपके' आणि 'पाय' या दोन चिन्हांनी. म्हणजे कल्माषपाद! महाभारतातल्या आदिपर्वात वसिष्ठपुत्र शक्तीच्या शापानं नरभक्षक झालेला तोच राजा, आणि जातककथांतला सौदास. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात सुतसोम जातक रंगवलंय. झोपलेल्या राजाचे पाय सिंहीण चाटते आहे, त्यांच्यापासून सौदास जन्मतो, पुढे त्याला माणसाच्या मांसाची चटक लागते. तो पाय चाटण्याचा भाग मी बॅटरीच्या उजेडात बघितलाय. सिंहिणीची जीभ आणि राजाचा सैल पडलेला तळवा. आपल्या भिंतीवर कोल्ही नाही. ती वाटेत कुठेतरी या राजाच्या घरात शिरली आणि नासूपर्यंत गेली.

---

तळकोकण | ६ जुलै, सकाळी ६:५०

लेणीवेडा, साष्टांग नमस्कार. १७ नंबरच्या लेण्यात दोनदा जाऊन आलो, हे ठाऊक नव्हतं.

---

रानमेवा | ६ जुलै, दुपारी २:३०

बाळ झोपलंय, म्हणून आता सगळं सावकाश वाचलं. पाऊलवाट, फुकुजीची गोष्ट डोक्यातून जात नाही. २०११ ला त्याच किनाऱ्यावर पुन्हा लाट आली ना? तेव्हाही कुणाला असं काही दिसलं का?

---

पाऊलवाट | ६ जुलै, रात्री ९:००

हो, तोच किनारा. तानोहामाही त्यात गेलं.

दक्षिणेकडच्या इशिनोमाकीतल्या टॅक्सीवाल्यांचं बोलणं तोहोकू गाकुइन विद्यापीठातल्या एका विद्यार्थिनीनं आपल्या प्रबंधासाठी टिपून घेतलं. उन्हाळ्यात कुणीतरी जाड हिवाळी कोट घालून टॅक्सीत बसतं, लाटेनं सपाट केलेल्या वस्तीचं नाव सांगतं. ड्रायव्हर मीटर टाकतो, थोड्या वेळानं वळून बघतो तर मागे कुणी नाही. मीटर पडलेला असल्यानं ते भाडं ड्रायव्हरनं स्वतःच्या खिशातून भरलं. आणि पुन्हा असं गिऱ्हाईक आलं तर नेणार का, तर नेणार, असं उत्तर. याच भागात कुरिहारा गावच्या त्सूदाइजी मठाचे कानेता ताइओ हे झेन भिक्षू ट्रकमधून चहा-कॉफी घेऊन छावण्यांत जायचे आणि लोकांचं ऐकत बसायचे. अंगात आल्याच्या तक्रारी घेऊन त्यांच्याकडे लोक आले. भूत खरं की खोटं हे ते विचारत नसत.

ओत्सुची गावात डोंगराच्या पायथ्याशी पांढरा टेलिफोन बूथ आहे, 'वाऱ्याचा फोन'. तिथल्या एका गृहस्थांनी २०१० मध्ये आपला चुलत भाऊ गेल्यावर स्वतःच्या बागेत उभा केला, म्हणजे लाटेच्या आधी. लाटेनंतर सगळ्यांना खुला केला. आत काळा, चकती फिरवायचा फोन. तार कशालाच जोडलेली नाही. लोक येतात, गेलेल्या माणसाचा नंबर फिरवतात आणि बोलतात. तानोहामा तिथून फार लांब नाही. मी गेलो होतो तेव्हा आत एक म्हातारे गृहस्थ होते. काचेतून फक्त त्यांचं बोट दिसत होतं, चकती फिरवून परत येईपर्यंत थांबणारं. मी बाहेर बाकावर बसून राहिलो. माझी पाळी आली तेव्हा मी वडिलांचा, पुण्याच्या घरचा, जुना सहा आकडी नंबर फिरवला. काय बोललो ते इथे लिहीत नाही.

---

आबा_सिन्नर | ६ जुलै, रात्री ९:४०

पाऊलवाट, बाळा, बरं केलंस.

---

सांजसावली | ७ जुलै, रात्री १०:१५

तुमची 'जागा सांगा' ही विनंती दोन दिवस मनात घोळत होती. माझी मावशी ८४ वर्षांची, वाई तालुक्यात असते. लहानपणी ती आम्हाला विहिरीवरच्या साती आसरांच्या गोष्टी सांगायची. दुपारी बाराला विहिरीत डोकावू नये, पोहायला उतरण्याआधी हळदकुंकू वाहावं. मला त्या अर्धवटच आठवतात, म्हणून आज फोन केला. म्हटलं, मावशी, आसरांची गोष्ट सांग, मी लिहून घेते.

पलीकडे बराच वेळ शांतता. मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाली, "कुठल्या आसरांची? मळ्यातल्या विहिरीच्या, का वेशीवरच्या? त्या वेगळ्या हैत. वेशीवरच्यांत आमची गंगू हाय."

गंगू कोण, हे मला माहीत नव्हतं. चाळीस मिनिटं लिहीत होते. उद्या टाइप करून टाकते.